अमेरिकानो 'हलकी' कॉफी असते का?



आज एका चुकीबद्दल लिहितो आहे. चूक रुग्णाची नाही, माझी आहे.

दोनेक वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. आयटीतली नोकरी, रात्री उशिरापर्यंत काम. मधूनच छातीत धडधडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, अशी तक्रार. तपासलं. नाडी थोडी जलद होती. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक. चहा-कॉफीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "ऑफिसखालच्या कॅफेत दिवसातून दोन एस्प्रेसो घेतो." मी लगेच सांगून टाकलं, "इतकी कडक कॉफी नको. घ्यायचीच तर पाणी घातलेली, हलकी घ्या."

त्यांनी माझा सल्ला तंतोतंत पाळला. एस्प्रेसो सोडली आणि अमेरिकानो सुरू केली.

तीन आठवड्यांनी परत आले ते ओढलेल्या चेहऱ्याने. धडधड वाढली होती, झोप आणखी कमी झाली होती. त्यांच्या वडिलांना पन्नाशीतच हार्ट अटॅक आलेला, त्यामुळे मनात तीच भीती. "डॉक्टर, कॉफी हलकी करूनही थांबत नाही, म्हणजे हृदयातच काही आहे ना?" चोवीस तासांचा होल्टर करून घेतला. काही जादा ठोके दिसले, धोक्याचं काही नव्हतं. झोपेची गोळी लिहायला पेन उचललं आणि तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "कप केवढा असतो?" त्यांनी हाताने उंची दाखवली. "मोठा. दिवसातून तीन."

त्या संध्याकाळी मी स्वतः त्या कॅफेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने हसत सांगितलं, "सर, एस्प्रेसोत एक शॉट. मोठ्या अमेरिकानोत तीन."

हिशेब तुम्हीच करा. आधी दिवसाला दोन शॉट, माझ्या सल्ल्यानंतर नऊ. एका शॉटमध्ये साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम कॅफिन धरलं, तर १३०च्या आसपासचा आकडा जवळपास ६०० वर गेला होता. आणि ही सगळी 'हलकी' कॉफी!

आपली फसगत कुठे होते ते समजून घेऊ.

एस्प्रेसो करताना ७ ते ९ ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी पाठवतात. पंचवीस-तीस सेकंदांत जेमतेम ३० मिलिलिटर दाट अर्क उतरतो. हा झाला एक शॉट.

या शॉटवर वरून गरम पाणी ओतलं की झाली अमेरिकानो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत आलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथली कॉफी फार कडक वाटायची, म्हणून ते त्यात पाणी घालत आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हाच क्रम उलटा. कपात आधी गरम पाणी आणि त्यावर एस्प्रेसो, बहुतेक वेळा दोन शॉट. हा लाँग ब्लॅक. यात वरचा सोनेरी फेस टिकतो, पाणीही सहसा कमी असतं, त्यामुळे चव जास्त भरीव लागते.

तिसरा प्रकार लुंगो. इथे पाणी वरून घालत नाहीत, तर त्याच पुडीतून जास्त वेळ, जास्त पाणी काढतात. आपल्याकडच्या काढ्याचंच उदाहरण घ्या. तयार काढ्यात पाणी मिसळणं वेगळं आणि तीच औषधी जास्त पाण्यात जास्त वेळ उकळणं वेगळं. लुंगोत पुडीतला आणखी अंश उतरतो. म्हणून तो कडवट लागतो आणि त्यात कॅफिनही थोडं जास्तच असतं.

म्हणजे अमेरिकानो आणि लाँग ब्लॅकमध्ये वरचं पाणी कॉफीच्या पुडीला शिवतसुद्धा नाही. ते चव सौम्य करतं, मात्रा नाही. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी अर्धा पेला पाण्याबरोबर घ्या नाहीतर दोन पेले. डोस ५०० चाच. उलट चव सौम्य झाल्यामुळे आपण मोठा कप सहज संपवतो, मला दोष द्यायचा तो इथेच.

आता प्रमाणाचं बोलू. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५च्या अहवालानुसार निरोगी प्रौढांना दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं. गर्भवतींसाठी दिवसभराची मर्यादाच २०० आहे. म्हणजे तीन शॉटचा एकच मोठा कप ती जवळजवळ संपवतो. यात चहा, कोला आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिनही मोजायचं.

शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. दुपारी चारच्या कपातलं अर्धं कॅफिन रात्री नऊलाही रक्तात असतं. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर हा वेळ आणखी वाढतो.

म्हणून कॅफेत गेलात की "स्ट्राँग आहे का?" असं विचारू नका, "शॉट किती?" असं विचारा. मोठा कप आवडतो? जरूर घ्या, पण एका शॉटचा मागवा. कॉफी कमी करायची असेल तर एकदम तोडू नका, डोकं दुखतं. आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवा. थायरॉइडच्या गोळीनंतर किमान अर्धा ते एक तास कॉफी नको. आणि धडधडीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं किंवा चक्कर येऊन पडणं असं काही झालं, तर कॉफीला दोष देत घरी बसू नका, ताबडतोब दाखवा.

त्या गृहस्थांना मी माझी चूक सांगितली. हळूहळू कमी करत ते दुपारी बाराच्या आत एका शॉटच्या दोन कपांवर आले. कप मात्र तोच मोठा ठेवला. महिन्याभरात झोप रुळावर आली, धडधड क्वचितच जाणवू लागली. झोपेची गोळी लिहावी लागली नाही.

तेव्हापासून रुग्ण "मी हलकी कॉफी घेतो" म्हणाला की मी मान डोलावत नाही. कप केवढा, शॉट किती आणि शेवटचा कप किती वाजता, हे तीन प्रश्न आधी विचारतो. तुम्हीही आज स्वतःला विचारून बघा.