बर्थ आधी, बेत नंतर
युरोपातल्या रात्रगाड्या : प्रवासाची दैनंदिनी, भाग ३

सोमवार, झुरिक

खिडकीवरच्या बाईंनी संगणकात दोनदा बघितलं आणि मान हलवली. उद्या रात्रीच्या व्हिएन्ना गाडीला कुशेटमध्ये एकही जागा नाही. बसून जायचं असेल तर सीट मिळतील. "वेटिंगवर टाकतील का गं?" आत्यानं विचारलं. इथे वेटिंग नाही, आरएसी नाही, चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला लावणं नाही. जागा असली तर मिळते, नसली तर विषय संपला.

युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. तिथल्या रहिवाशांना इंटररेल घ्यावा लागतो. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो, साठी ओलांडलेल्यांना सवलतही असते, त्यामुळे आत्याचा पास माझ्यापेक्षा स्वस्तात पडला. पण पासात येतं ते फक्त भाडं. रात्रगाडीत आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. शिवाय कित्येक गाड्यांत पासवाल्यांना मिळणाऱ्या जागा मोजक्याच असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की शहरं, हॉटेलं, संग्रहालयं सगळं नंतर ठरवावं. आधी रात्रीचे बर्थ हातात घ्यावेत.

व्हिएन्ना ते रोमचे बर्थ मी पुण्याहून निघायच्या कितीतरी आधी घेतले होते. ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर प्रवाशाची माहिती भरताना सवलतीच्या यादीतून 'युरेल' निवडायचं. मग भाडं वजा होऊन नुसत्या बर्थचे पैसे दिसतात. वरचा, मधला की खालचा, तेही सांगता येतं. आत्याचे गुडघे बघता खालच्या बर्थखेरीज मी काही मागितलं नाही.

उद्या दिवसाच्या गाडीनं जायचं ठरलं. रात्रभर बसून प्रवास करणं पंचविशीत ठीक आहे.

मंगळवार, झुरिक ते व्हिएन्ना

रेलजेटला पासवाल्यांना आरक्षणाची सक्ती नाही. प्रवास आठेक तासांचा, वाटेत चिमुकला लिख्टेनस्टाइन देश आणि मग आर्लबर्गचा बोगदा. १८८४ साली खुला झालेला, दहा किलोमीटरहून लांब. बोगद्याच्या अल्याड-पल्याड हिरव्या उतारांवर गवत कापायचं काम चाललं होतं. पासातला दिवस रात्रगाडीनं गेलो असतो तरी एकच खर्ची पडला असता आणि असाही एकच पडला. आल्प्स मात्र उजेडात बघायला मिळाले.

बुधवार, व्हिएन्ना

आज पास बंद. ट्राम आणि भुयारी रेल्वे पासात येत नाहीत, त्यांचं तिकीट वेगळं. शहराबद्दल पुढच्या भागात सविस्तर लिहीन.

गुरुवार, व्हिएन्ना ते रोम

दहा वर्षांपूर्वी रात्रगाड्या संपल्यात जमा होत्या. डिसेंबर २०१६मध्ये जर्मन रेल्वेनं आपली सिटी नाइट लाइन बंद केली, तेव्हा ऑस्ट्रियन रेल्वेनं त्यातले बरेच मार्ग उचलले आणि 'नाइटजेट' नावानं चालवले. स्पेनच्या रात्रगाड्या २०२०मध्ये थांबल्या त्या थांबल्याच. पॅरिस-नीस मात्र २०२१मध्ये पुन्हा सुरू झाली. आपण झोपतो त्या डब्यामागे एवढी मोठी उलथापालथ आहे, म्हणून या गाड्यांबद्दल मला फार आस्था वाटते.

कुशेट म्हणजे दार लावता येणारा कप्पा. सहा जणांच्या कप्प्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन बर्थ, चार जणांच्यात दोन-दोन. आम्ही चार जणांचा, फक्त बायकांसाठीचा कप्पा घेतला होता. बर्थवर उशी, पांघरूण, चादर आणि पाण्याची बाटली. दाराला आतून कडी. डब्याचा अटेंडंट आला, दोघींच्या मोबाइलवरचे पास आणि आरक्षणाचे कागद बघून गेला. पासाचं ॲप उघडून आजचा प्रवास त्यात आधीच नोंदवून ठेवावा लागतो, तेव्हाच तपासणीचा कोड उमटतो. पासपोर्टही हाताशी हवा.

पासाच्या दिवसांचा हिशेबही एकदा नीट समजून घ्यावा. रात्रगाडी ज्या तारखेला सुटते तो एकच दिवस खर्ची पडतो. मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी पकडली तरच पुढचा दिवस मोजतात. जुन्या प्रवासपुस्तकांत संध्याकाळी सातनंतरच्या गाडीचा वेगळा नियम सापडेल. तो आता राहिलेला नाही.

जूनचा उजेड रेंगाळत होता, त्यामुळे झेमरिंगचा घाट दिसला. १८४८ ते १८५४ या काळात कार्ल फॉन गेगा या अभियंत्यानं बांधलेला हा मार्ग आता जागतिक वारशात आहे. आपला भोर घाट रेल्वेला खुला झाला १८६३ साली. गाडी वळणावर वाकली की पुढचे डबे दुमजली कमानींच्या पुलावर चढलेले दिसायचे. आत्या खिडकीला नाक लावून बसली होती. "खंडाळ्याला आपण असेच दाराशी उभे राहायचो," ती म्हणाली, आणि बोगद्यांची मोजणी चालू ठेवली.

रात्री व्हिलाखला धक्के बसून जाग आली. म्युनिकहून आलेल्या गाडीशी डब्यांची अदलाबदल चालली होती. म्हणूनच चढताना गाडीचं नाव पुरेसं नाही. डब्याचा नंबर आणि त्यावरची पाटी बघूनच आत शिरावं.

शुक्रवार, रोम

पाव, लोणी, जॅम आणि कॉफी अटेंडंटनं कप्प्यात आणून दिली. तेरमिनीला उतरलो आणि सामान ठेवायच्याही आधी तिकीटघर गाठलं. टोकन घेतलं, बसलो. मला रविवार रात्रीची सिराकूझाची गाडी हवी होती. खिडकीवरच्या तरुणाला पास दाखवला, चार बर्थच्या कप्प्यात एक खालचा, एक वरचा मिळाला. आत्यानं कागदावरचा बर्थ नंबर स्वतः वाचून खात्री केली, मगच आम्ही जागेवरून हललो.

रविवार, ओर्विएतो आणि रात्रीची गाडी

गाडी आज रात्री अकराच्या सुमारास सुटणार, म्हणजे आजचा दिवस पासात धरला जाणारच. मग तो दिवसभर वापरायचा! सकाळच्या साध्या गाडीनं ओर्विएतोला गेलो. तिला आरक्षण लागत नाही. स्टेशन खाली, गाव वर कड्यावर, मध्ये रुळांवरून चढणारा फ्युनिक्युलर. कॅथेड्रलच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत आणि दर्शनी भागावर सोनेरी मोझेइक. दुपारी ऊन तिथे पडलं तेव्हा आत्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि मीही तिला उठवलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं रोमला परत. पासवाल्यांना माझा आग्रह आहे : रात्रगाडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी जवळचं एक गाव नक्की पदरात पाडून घ्या.

सोमवार, मेसिनाची सामुद्रधुनी

व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे तुकडे केले आणि डबे एकेक रांग करून जहाजाच्या पोटात ढकलले. रूळ थेट जहाजात गेलेले. आम्ही झोपेतून उठून अरुंद जिन्यानं वर डेकवर गेलो. मागे कालाब्रिया, समोर सिसिली, मध्ये जेमतेम तीन किलोमीटर पाणी. "आपला बर्थ आत्ता खाली जहाजात आहे?" आत्या पुन्हा पुन्हा विचारत होती. तिचा आनंद बघून एवढ्या महिन्यांची खटपट सार्थकी लागली असं वाटलं.

पलीकडे मेसिनाला पुन्हा विभागणी होते : काही डबे पालेर्मोला, काही सिराकूझाला. आमचा डबा थेट सिराकूझाचा, त्यामुळे गाडी बदलायची नाही आणि पासातला आजचा दिवस शाबूत. परतीचे बर्थ अजून घ्यायचे आहेत. सिराकूझाला उतरल्यावर पहिलं काम तेच.