आधी धावफलक

रेडिओवर क्रिकेटचं धावतं समालोचन करायला लागलो तेव्हा मराठीत आदर्श होता तो बाळ ज. पंडितांचा. दुसरे गुरू मला सापडले ते बेसबॉलमध्ये, विन स्कली. 1950 साली ते ब्रुकलिन डॉजर्सच्या समालोचन कक्षात आले, 1958 साली संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेले आणि 2016 पर्यंत बोलत राहिले. एकाच संघासाठी 67 हंगाम!

त्यांना घडवलं रेड बार्बर यांनी. अंडी उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ बार्बर माइकजवळ ठेवायचे. वाळू संपली की धावफलक सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. आमच्या धंद्यात याहून मोठं शहाणपण मला तरी भेटलेलं नाही. श्रोता सामना सुरू होताना येतो असं थोडंच आहे? कुणी दुकानाचं शटर वर करून रेडिओ लावतो, कुणी एसटीत खिडकीजवळ जागा मिळाल्यावर. त्याला आधी हव्या असतात धावा, बाद गडी, उरलेली षटकं. आठवणी आणि किस्से त्यानंतर. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे इतका वेळ मोकळा असतो की गोष्ट सांगण्याचा मोह होणारच. स्कली तर सुंदर गोष्टी सांगत. पण पिचर चेंडू टाकायला सरसावला की वाक्य अर्धं सोडून चेंडूकडे वळत, आणि मग गोष्टीचा धागा जिथे सुटला तिथूनच उचलत. हे मला अजूनही दर वेळी जमतंच असं नाही.

8 एप्रिल 1974 ला अटलांटात हँक एरन यांनी 715वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. स्कलींनी चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगितलं आणि माइकपासून दूर झाले. बराच वेळ ऐकू येत होता तो फक्त लोकांचा जल्लोष आणि फटाके. परत आल्यावर ते बोलले ते आकड्यांवर नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवताहेत, हे किती मोठं आहे ते त्यांनी सांगितलं. तेवढं नेमकं सुचायला ती शांतता हवीच होती.

आज षटकार बसला की सगळ्यात मोठ्याने समालोचकच ओरडतो. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: चेंडू सीमापार गेल्याचं सांगा, धावसंख्या सांगा, आणि मग थोडा वेळ प्रेक्षकांचा आवाज घराघरांत जाऊ द्या.