सुइतोनची वाटी

जपानी भोजन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महागडी उपाहारगृहे उभी राहतात. परंतु जपानी घरातील एक पदार्थ असा आहे, की ज्याचे बहुतेक साहित्य आपल्या स्वयंपाकघरात सहज सापडते आणि ज्याच्यामागे एका राष्ट्राच्या उपासमारीची आठवण आहे. भाज्यांच्या सुपात शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यांचा हा पदार्थ म्हणजे सुइतोन. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, नवी मुंबईवर पावसाची झड लागलेली असताना, आमच्या धर्मगुरुनिवासात आम्ही तो आवर्जून करतो.

कृती सोपी आहे. चार माणसांसाठी दोन वाट्या मैदा अथवा कणीक घ्यावी. चिमूटभर मीठ व लागेल तसे, सुमारे पाऊण वाटी पाणी घालून पोळीच्या कणकेहून सैल असा गोळा मळावा आणि अर्धा तास झाकून ठेवावा. सव्वा लीटर पाण्यात मुळा व गाजर आधी, लाल भोपळा मागाहून शिजत घालावा. पाण्याला चव यावी म्हणून जपानी गृहिणी वाळवलेले समुद्रशेवाळ किंवा अळंबी वापरतात. आम्ही वाळलेली अळंबी भिजवून त्या पाण्यासकट घालतो. मग ओल्या हातांनी पिठाचे तुकडे तोडून, मध्ये अंगठ्याने दाबून उकळीत सोडावेत. दाबल्यामुळे ते आत कच्चे राहत नाहीत. वर तरंगू लागल्यावरही तीन-चार मिनिटे शिजू द्यावेत. शेवटी सोयासॉस घालावा. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा मिळाल्यास तो विस्तव बंद करून कालवावा. उकळल्यास त्याचा सुवास उडतो. वरून पातीचा कांदा पेरला की झाले. वरणफळे खाऊन वाढलेल्या आपल्या माणसांना ही वाटी परकी वाटत नाही.

पण या वाटीचा इतिहास ठाऊक नसेल, तर ती अर्धीच चाखली असे आम्हांस वाटते. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये तांदळाचे रेशनिंग आले आणि भाताची जागा सुइतोनने घेतली. पुढे पीठही दुर्मीळ झाले. मग मक्याचे, रताळ्याचे पीठ, प्रसंगी कोंडासुद्धा मळला गेला. भाज्यांऐवजी रताळ्याचे देठ आणि सुपाऐवजी मिठाचे पाणी आले. 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला आणि उराकामीचे कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी 5 फेब्रुवारी 1597 रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण अर्पण केले, ते याच नागासाकीत. 15 ऑगस्टला शरणागती जाहीर होऊन युद्ध थांबले. भूक मात्र थांबली नाही. म्हणूनच आजही जपानमध्ये युद्धाच्या स्मरणार्थ काही ठिकाणी मुलांना सुइतोन करून वाढतात.

आमच्या मेजावर एकदा एका युवकाने विचारले, "फादर, भुकेची आठवण म्हणून इतके चविष्ट सूप खायचे, हे विसंगत नाही का?" प्रश्न रास्त होता. आम्ही उत्तर शोधत असतानाच शेजारी बसलेल्या वृद्ध मावशी बोलल्या. 1972च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली होती. "बाळा, तेव्हा आमच्या आईनं ती भाकरीसुद्धा चांगली लागावी म्हणून किती धडपड केली! चव घालवून भुकेला मान मिळत नाही रे."

मावशींच्या या वाक्याने आमचाही विचार स्पष्ट झाला. टंचाईतल्या आयांनी हाती होते त्यातून घरच्यांना प्रेमाने जगवले. त्यांचे स्मरण करायचे, तर रांधण्यातील ते प्रेम कमी करून कसे चालेल? मात्र त्याबरोबर आज कोणाचे ताट रिकामे आहे, याकडेही आपले लक्ष हवे. तेवढे नसेल, तर ते सूप केवळ एक नवा चवदार पदार्थ ठरेल.

म्हणून वाचकहो, सुइतोन कराल तेव्हा चार गोळे अधिक सोडा. शिजलेला भात ऐनवेळी वाढवता येत नाही. सुपात मात्र आणखी एक पेला पाणी आणि एक गाजर सहज मावते. दारी आलेल्या माणसाला मग उभ्या उभ्या परत जावे लागत नाही.