शेळी कायबी खाती

बालवाडीसाठी मी हातानं जे खेळ बनवते, त्यात ‘खाऊ घाला’ सगळ्यांत सोपा. जाड पुठ्ठ्याच्या पटावर गाय, शेळी, कोंबडी, मांजर, माकड आणि पोपट. प्रत्येकाच्या तोंडाला आरपार खाच, मागे चपलांचं रिकामं खोकं. खाऊच्या चकत्या टोपलीत. फाशावर ठिपक्यांऐवजी जनावरांची तोंडं काढते, कारण तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना ठिपके मोजता येत नाहीत, चित्र मात्र लगेच ओळखू येतं. ज्याचं तोंड पडेल, त्याला खाऊ शोधून भरवायचा. चकती खोक्यात टप्पकन पडते. त्या आवाजापायी मुलं आपली पाळी येईपर्यंत दम धरतात, आणि या वयात दम धरणं किती अवघड असतं, ते बालवाडीच्या ताईंना विचारा.

खरं कसब खाच कापण्यात आहे. चकती चांगली पाच सेंटिमीटरची घेते. धाकटी भावंडं सोबत येतात आणि हाताला लागेल ते तोंडात घालतात. खाच चकतीपेक्षा बोटभर रुंद हवी. चकती उभी धरून नेम साधताना लहानग्यांचं मनगट अजून नीट वळत नाही. पट्टी धरून पातं हलक्या हातानं पुन्हा पुन्हा फिरवायचं. एकदम दाबून कापलं, तर पुठ्ठ्याचे पदर सुटतात आणि आठवड्यात गायीचा ओठ फाटतो. मग कडेला बाइंडरकडची कापडी पट्टी दुमडून चिकटवायची.

चित्रांचं मात्र मला फार वाटतं. बाजारच्या संचांत ससा-गाजर, उंदीर-चीज, पांडा-बांबू अशा जोड्या असतात. आमच्या मुलांच्या घरचा उंदीर ज्वारीच्या पोत्यात शिरतो. चीज त्यांनी पाहिलेलं नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला काम उभं केलं, तेव्हा महागड्या मॉन्टेसोरी साधनांच्या जागी पानं, बिया, शिंपले आणले. त्या वाटेनंच मी कडबा, सरकी, बाभळीच्या शेंगा, मिरची, कणी अशी चित्रं काढते. मांजराला दुधाऐवजी मासा देते. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

संचातल्या जोड्यांना बहुधा खाचाखोचा असतात: सशात फक्त गाजरच बसतं. मॉन्टेसोरींच्या लाकडी दट्ट्यांमध्ये ही युक्ती चोख आहे. दट्टा चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक उरतो आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. तिथं आकार हाच विषय आहे. जनावरांच्या खाण्यात आकाराचा काय संबंध? मूल कड जुळवतं आणि मोकळं होतं. सशाचा विचारच करत नाही. म्हणून माझ्या सगळ्या चकत्या एकाच मापाच्या, आणि कुठलीही कुठल्याही तोंडात जाते.

मग पटाभोवती बोलणं सुरू होतं. एका मुलानं शेळीला शेंगा घातल्या, भाकरी घातली, केळ्याची सालही घातली. दुसरा ओरडला, “ते माकडाचं हाय!” पहिला शांतपणे म्हणाला, “ताई, शेळी कायबी खाती.” त्यानं घरी पाहिलं होतं, तेच सांगितलं. “मासा?” मी विचारलं. सगळे एका सुरात “न्हाई!” म्हणाले. कोंबडी किडे खाते की नाही, यावर तर खूप वेळ वाद झाला, आणि नवी चकती काढावी लागली. जुळवाजुळवीच्या खेळाकडून मला हेच हवं असतं: मुलानं जोडी लावावी आणि ती का लावली, हे आपल्या भाषेत सांगावं.

अंगणवाडीच्या ताईंनो, हा खेळ विकत आणण्याआधी एकदा घरी करून पाहा. पुठ्ठा जाड घ्या, आणि कोण काय खातं ते चित्रं काढण्याआधी मुलांना विचारा. दोन-चार चकत्या कोऱ्या ठेवा, त्या लागतातच.