एकास त्रेचाळीस

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या भिंती चांगल्या हातभर रुंद होत्या आणि त्यांत कोनाडे होते. एकात देव, एकात कंदील, आणि मुलाचा हात पोचेल अशा खालच्या कोनाड्यात माझी जॅग्वार. कलकत्त्याला नोकरी करणाऱ्या आत्तोबांनी ती आणली होती. खोक्यावर ‘निकी टॉइज’ असं नाव होतं. लक्ष्मी रस्त्यावर तेव्हा अँबॅसडर, फियाट आणि एखादी स्टँडर्ड हेरल्ड दिसे. हिचा मात्र निम्मा देह म्हणजे नुसतं बॉनेट. इतकं लांब नाक कशासाठी, हा प्रश्न मला त्या वयात पडला आणि तोच मला या छंदात घेऊन आला.

उत्तरं पुढे पुस्तकांतून मिळाली. ई-टाइप जॅग्वार १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. त्या नाकाखाली सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन होतं. तिचा आकार ठरवणारा माल्कम सेयर मूळचा विमानं बनवणाऱ्या कारखान्यातला. गाडीचे बाक तो आकडेमोड करून काढत असे. माझी छोटी जॅग्वार ज्या साच्यातून निघाली, तो लिव्हरपूलच्या ‘डिंकी’ खेळण्यांचा होता. तिथले काही जुने साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी’च्या गाड्या निघाल्या.

डिंकीच्या मोटारींचं प्रमाण पुढे एकास त्रेचाळीस असं स्थिरावलं, तेही रेल्वेमुळे. फ्रँक हॉर्नबीच्या खेळण्यातल्या आगगाड्या ‘ओ’ मापाच्या, म्हणजे साधारण याच प्रमाणातल्या होत्या. १९३३-३४मध्ये त्यांच्या स्टेशनांबाहेर उभ्या करायला म्हणून या छोट्या मोटारी आल्या. कर्वे रस्त्यावरच्या भाऊ जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातल्या आगगाड्या एकास सत्त्याऐंशीच्या, म्हणजे जवळजवळ त्याच्या निम्म्या. हे कळल्यावर मला विलक्षण आनंद झाला. आपला कोनाडा एका मोठ्या कुटुंबात जाऊन बसल्यासारखं वाटलं.

नोकरी लागल्यावर संग्रह वाढू लागला. पोर्शे ३५६, अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५, आणि एकास अठराच्या मापातली, पंखासारखी दारं वर उघडणारी १९५४ची मर्सिडीज ३०० एसएल. तिचं दार उचललं की आत उंचच उंच उंबरा दिसतो. या गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा. त्याला बळकटी यावी म्हणून बाजू उंच ठेवाव्या लागल्या आणि नेहमीच्या दारांना जागाच उरली नाही. चित्रात ती दारं निव्वळ ऐट वाटतात. प्रतिकृती हातात घेतली की ती गरज होती हे बोटांना समजतं.

वाडा पडला, इमारत उभी राहिली. नव्या भिंतींत कोनाडे नव्हते. काचेचं कपाट आलं. जागा मोजकी, म्हणून मी मापाचा विचार करू लागलो. साडेचार मीटरची ई-टाइप एकास अठरात पंचवीस सेंटिमीटर जागा घेते, एकास त्रेचाळीसमध्ये जेमतेम साडेदहा. पण सगळंच त्या हिशेबानं लहान करता येत नाही. तिच्या तारांच्या चाकात बहात्तर तारा असतात. त्या प्रमाणात काढल्या तर प्रत्येक तार केसाइतकी होईल. रंगाचा थर त्या मानानं पातळ करणं तर अशक्यच. खऱ्या दाराभोवतीची चार मिलिमीटरची फट इथे एक दशांश मिलिमीटर व्हायला हवी. उघडणाऱ्या दाराला ती साधत नाही, म्हणून उत्तम कारागीर अनेकदा दार बंदच ओततो आणि फटीची नुसती रेघ कोरतो. काय ठेवायचं, काय सोडायचं आणि कुठे नजरेला सत्य वाटेल इतकीच तडजोड करायची, हे तो ठरवतो. दोन खोल्यांत चार पिढ्यांचा संसार मांडणाऱ्या आमच्या आजीकडे हाच विवेक होता.

या गाड्या जपाव्या लागतात. पुण्याचा पावसाळा रबरी टायरांना मानवत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांच्या जस्तात शिसं मिसळलेलं असलं तर धातू आतूनच भेगाळतो आणि त्यावर इलाज नाही. म्हणून काही संग्राहक खोकी कधी उघडतच नाहीत. त्यांची काळजी मला कळते, पण मी सगळी खोकी उघडली आहेत. जवळच बाजीराव रस्त्यावर कवी ‘अज्ञातवासीं’नी, म्हणजे दिनकर केळकरांनी, अडकित्ते आणि दिवे जमवले. ते अडकित्ते कुणाच्या तरी हातात घासलेले आहेत, म्हणूनच ते आपल्याशी बोलतात.

इमारतीतली मुलं गाड्या बघायला येतात. मी आधी हात कोरडे करायला सांगतो आणि मग गाडी त्यांच्या तळहातावर ठेवतो. खरी ई-टाइप रस्त्यात उभी असली तरी एका वेळी तिची एकच बाजू दिसते. इथे नाक, टप, शेपूट, चाकं असा अख्खा विचार एका नजरेत मावतो. संग्रहाची किंमत लोक विचारतात. माझ्या मते ती एवढीच, की गाडी पाहून एखाद्या मुलानं विचारावं, ‘काका, हे असं का केलंय?’