चाकांवरचं घर

व्हर्जिनियातल्या वाइज इथं जत्रेच्या मैदानावर फुकट दवाखाना भरायचा. दात, डोळे दाखवायला माणसं रात्रभर गाडीत झोपून नंबर लावायची. अमेरिकेत, बरं का! 'रिमोट एरिया मेडिकल' ही ती संस्था स्टॅन ब्रॉक यांनी १९८५ मध्ये काढली. पूर्वी गयानात घोड्यामुळे ते जबर जखमी झाले, तेव्हा कळलं की डॉक्टर २६ दिवसांच्या पायपिटीवर आहे!

अशा शिबिरांत डॉक्टर-नर्सना पगार नाही, प्रवासखर्चही पदरचा. मग एखाद्या निवृत्त जोडप्याला चाकांवरचं घर सोयीचं पडतं. आत ओटा, पलंग, न्हाणीघरसुद्धा! शिबिर असेल तिथं मुक्काम ठोकायचा. दिवसभर दात उपटायचे नि रात्री आपल्याच पलंगावर झोपायचं. पलीकडच्या गाडीतला पेशंट मात्र सीटवरच अंग मुडपून पहाटेची वाट बघत असतो.