तत्क्षण आणि तालीम

लेख लिहायचा नसला की आम्ही लेखनाविषयीची पुस्तके वाचतो. मराठीच्या अध्यापकांचा हा जुना रोग असावा. गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा बळावला, त्याला कारण एक स्मरणिका. आम्ही दोघे नवराबायको मराठीच शिकवतो. आमच्यापैकी एकीचे वडील, बाबा, एका हौशी नाट्यसंस्थेत जवळजवळ तीस वर्षे वावरले. त्या संस्थेने त्यांच्यावर दोन पाने मागितली, सोबत एक फोटो. नाटकाशी संबंधित असा बाबांचा फोटो घरात एकच आहे. 1984 साली अमेरिकेहून सुटीवर आलेल्या आईच्या मामेभावाने रंगपटात काढलेला पोलरॉइड.

बाबा प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन, ते सगळ्यांची वाक्ये सगळ्यांच्या आधी मनात म्हणत. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत एक नट आयत्या वेळी आजारी पडला, आणि सगळे नाटक पाठ असलेला माणूस एकच होता. बाबा त्या रात्री पहिल्यांदा आणि शेवटचे रंगमंचावर गेले. दुसऱ्या अंकात ते वाक्य विसरले. स्टुलावर त्या दिवशी कोणीच नव्हते. फोटो त्यानंतरचा आहे: अर्धी रंगभूषा उतरलेली, डोळे किंचित मिटलेले, मान वळलेली. घरात ही गोष्ट सांगताना विसरल्याचा भाग कायम गाळला जाई. आम्हाला तो संस्थेतल्या एका वयस्क सभासदाकडून कळला.

पोलरॉइडला निगेटिव्ह नसते. कागदाच्या कडेलाच रसायनाची पुडी असते, कॅमेऱ्यातून बाहेर पडताना ती रुळांत दाबून फुटते आणि चित्र डोळ्यांदेखत उमटते. एडविन लँड याला 1943 साली सँटा फे इथे त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? त्या बालहट्टातून हा उद्योग जन्मला, 1947 साली त्याचे प्रात्यक्षिक झाले. ‘आत्ताच’ या मागणीची किंमत म्हणजे प्रत एकच. आमच्याकडच्या फोटोची निळाई केव्हाच गेली आहे, बाबांचा पांढरा सदरा हळदीने माखल्यासारखा दिसतो.

पोलरॉइडविषयी वाचायला लागलो तेव्हा आमचा समज असा होता की हे तयारी नसलेल्यांचे माध्यम. आंद्रे केर्तेसच्या ‘फ्रॉम माय विंडो’ने (1981) तो पार उलटवला. 1977 साली त्याची पत्नी एलिझाबेथ गेली. ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरवर उघडणाऱ्या खिडकीच्या कठड्यावर एक काचेचा अर्धपुतळा ठेवतो, कारण त्याच्या मानेच्या कलण्यात त्याला ती दिसते, आणि उजेड बदलेल तशी पोलरॉइड काढत राहतो. पुस्तकात घरातल्या चारदोन वस्तू आहेत, खिडकी आहे, आकाश आहे. कॅमेरा झटपट चालतो, माणूस मात्र उजेडाची वाट पाहत बसलेला आहे. एकेक चित्र म्हणजे एकेक तालीम, आणि प्रयोग कधीच लागणार नाही.

रोलाँ बार्थला पोलरॉइडचे फारसे कौतुक नव्हते. तरीही छायाचित्रणावरच्या त्याच्या 1980 सालच्या पुस्तकात एकुलते एक रंगीत चित्र आहे ते डॅनिएल बूदिनेचे पोलरॉइडच, अगदी सुरुवातीला. आणि ज्या फोटोवर सारे पुस्तक उभे आहे तो आईचा लहानपणीचा फोटो त्याने छापलाच नाही. छायाचित्राचे खरे नाते चित्रकलेशी नसून रंगभूमीशी आहे, असे त्याचे म्हणणे आहे. वर्गात हे आम्ही कितीदा तरी सांगितले असेल. बाबांच्या फोटोकडे पाहताना ते पहिल्यांदा पटले.

पीटर ब्रूकचे ‘द एम्प्टी स्पेस’ (1968) आमच्या पिढीने बहुधा झेरॉक्समधून वाचले. आमच्या प्रतीत तर दोन पाने उलटी लागली आहेत. चार प्रकरणांपैकी पहिल्या तिघांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, चौथ्यावर, तत्क्षण घडणाऱ्या रंगभूमीवर, कमी. त्यात ब्रूक स्वतःची एक फजिती सांगतो. 1946 साली, एकविसाव्या वर्षी, स्ट्रॅटफर्डला ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ बसवताना त्याने आदल्या रात्री नेपथ्याच्या प्रतिकृतीपुढे बसून पुठ्ठ्याची सुमारे चाळीस माणसे हलवली आणि साऱ्या हालचाली जाडजूड वहीत नोंदवल्या. सकाळी खरी माणसे चालू लागली तेव्हा त्यांचा वेग, वळणे, एकमेकांतले अंतर, काहीच वहीसारखे होईना. त्याने वही टाकली आणि नटांमध्ये जाऊन उभा राहिला.

पण याचा अर्थ तालीम नको असा नाही. फ्रेंचमध्ये तालमीला ‘पुनरावृत्ती’ असाच शब्द आहे, आणि त्या शब्दातला मृत्यू ब्रूकला दिसतो. आपला ‘तालीम’ हा शब्द अधिक धडधाकट आहे. मुळात अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत मात्र कुस्तीचा आखाडा म्हणजेही तालीमच. तांबड्या मातीत घाम गाळायचा तो डाव पाठ करायला नव्हे, समोरचा काय करील ते ठाऊक नसताना अंगाने आपोआप उत्तर द्यावे म्हणून. बाबांनी वाक्यांची पुनरावृत्ती तीस वर्षे केली होती, मातीत ते एकदाच उतरले. (हे वाक्य आमच्यापैकी एकाला फार आवडले होते, दुसरीने ते लेखातून काढायला लावले. इथे ते राहू दिले आहे.) पुस्तकाच्या अखेरीस ब्रूक आणखी एक गोष्ट कबूल करतो: तुम्ही वाचत असतानाच हे जुने होत चालले आहे. नाट्यशास्त्रावरच्या किती ग्रंथांना असे म्हणवले असते?

आणि मग स्टीफन किंग. विभागात हे नाव घेतले की भुवया वर जातात, पण ‘ऑन रायटिंग’ (2000) हे आम्ही वाचलेल्यांपैकी सर्वांत कमी आव आणणारे लेखनविषयक पुस्तक आहे. ते लिहीत असताना, जून 1999 मध्ये, एका गाडीने त्याला उडवले. अंगभर मोडलेला माणूस पुन्हा लिहायला बसतो तो भाग मुळातूनच वाचावा. त्याचे नियम किराण्याच्या यादीसारखे साधे आहेत. पहिला खर्डा दार लावून, दुसरा दार उघडून. मध्ये निदान सहा आठवडे कागद खणात. दुसरा खर्डा म्हणजे पहिला वजा 10 टक्के. हे सूत्र त्याला शाळकरी वयात नापसंतीच्या एका चिठ्ठीतून मिळाले. शेवटी तो स्वतःच्याच एका कथेचा आरंभ आधी कच्चा आणि मग काटछाट केलेला छापतो. एम.ए.च्या वर्गात आम्ही आजवर फक्त पक्क्या संहिता शिकवल्या, एकही खोडलेली ओळ दाखवली नाही, हे ती पाने पाहताना लक्षात आले आणि थोडी शरम वाटली.

आमचा पहिला खर्डा दार सताड उघडे ठेवून लिहिलेला होता. ‘निष्ठावान रंगसेवक’, ‘पडद्यामागचा दीपस्तंभ’ असले शब्द त्यात होते. विसरल्याचा प्रसंग अर्थात नव्हता. दुसऱ्या खर्ड्यात तो आला आणि घरात चार दिवस अबोला राहिला. एकाचे म्हणणे, खरे तेच लिहावे, त्याखेरीज बाबा कागदावर जिवंत होणार नाहीत. एकीचे म्हणणे, माणसाने जे आयुष्यभर झाकले ते आपण कोण उघडणार? दोन्ही बाजूंना पुस्तकांतून भरपूर पुरावे मिळाले. खण, सहा आठवडे, पुन्हा खर्डा. अखेरीस प्रसंग ठेवला, विशेषणे गेली, आणि शेवटी फोटोवर एक परिच्छेद आला: ते मिटलेले डोळे, ती वळलेली मान, आयुष्यभर इतरांना सावरणाऱ्या माणसाचा आपल्यालाच न सावरता आल्याचा अपमान. तो परिच्छेद चांगला उतरला होता. दोघांचेही त्यावर एकमत होते, आणि हे आमच्याकडे क्वचित घडते.

लेख पाठवण्याआधी आईला वाचून दाखवला. विसरल्याचा भाग आला तेव्हा ती नुसती ‘हं’ म्हणाली. तिला ठाऊक होतेच. शेवटचा परिच्छेद संपल्यावर तिने फोटो मागितला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

“अगं, डोळ्यांवर फ्लॅश आला होता त्यांच्या,” ती म्हणाली. “आणि मान वळवलीय ती माझ्याकडे. मी दारात डबा घेऊन उभी होते. विसरल्यावर ते स्वतःच हसले होते की स्टेजवर. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे.”

परिच्छेद काढला. डब्यात काय होते ते विचारून घेतले, थालीपीठ होते, आणि तेवढे एक वाक्य शेवटी घातले. फोटोची प्रत स्कॅन करून पाठवली; मूळ फोटो आता आईच्या कपाटात, उजेडापासून दूर ठेवला आहे.